आवणी, उष्टावण आणि बाळाची मान

बाळाला पहिला घास केव्हा द्यायचा, याचं उत्तर आपल्याकडे पंचांगात शोधायची रीत आहे. आश्वलायन गृह्यसूत्रानं अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला. पुढे मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात असा संकेत रूढ झाला. मामानं भाच्याला मांडीवर घ्यायचं, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून त्याच्या ओठाला लावायची, समोर पुस्तक, पैसा, विळा मांडून ते कशाला हात घालतंय हे बघायचं. हा झाला विधी. पण भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या डोंगरी गावांची शेती आणि तिथल्या बाळंतघराच्या रीती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तर त्या विधीच्या आधीच बरंच काही ठरून गेलेलं दिसतं. बाळाच्या पोटात अन्न केव्हा जायचं हे तिथं दोन गोष्टी ठरवत होत्या: बाळाचं शरीर आणि भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी. मुहूर्त त्यांच्या मागून येई. आज शहरातल्या आयांना अंडं, शेंगदाणा, गहू यांच्या ॲलर्जीची धास्ती वाटते आणि बाळ वेळेवर पालथं पडलं का, बसलं का याची टिपणं मोबाइलमध्ये ठेवली जातात. अशा वेळी ही जुनी सांगड नीट तपासण्याजोगी आहे. तिच्यातलं काही आजच्या वैद्यकाला पटणारं आहे, काही साफ चुकीचं आहे, आणि दोन्ही एकाच घरात, एकाच आजीच्या हातून होत होतं.

आधी मुलूख. भोर संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. तोवर पंतसचिवांच्या या संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिड्याभोवतीचा भोरचा भाग. प्रचंडगड म्हणजे तोरण्याचा परिसर; तो आणि राजगड ही मुख्यतः आजच्या वेल्ह्याची भूमी. त्या तालुक्याला आता सरकारी दप्तरात पुन्हा राजगड हेच नाव मिळालं आहे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंद, आंबी, मोसे या नद्यांच्या खोऱ्यांत तळाला भाताची खाचरं आणि वर उतारावर वरकस जमीन, असा इथला साधा हिशोब. खाचरात आंबेमोहर आणि अलीकडे इंद्रायणी, वरकसात नाचणी, वरई आणि खुरासणी. गहू सणावारी, तोही विकत आणलेला. १९२०च्या दशकात भाटघरला मोठं धरण झालं, पण त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेलं. खोऱ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांच्या वाट्याला बुडालेली खाचरं आणि उरलेला उतारच आला. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी अशी धरणं होत गेली आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. बाळाच्या वाटीत काय पडायचं, हे या जमिनीनं आधीच आखून दिलं होतं: तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, वरणाची निवळ.

आता आवणी. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगात रोप टाकायचं आणि आषाढात खाचरात चिखलणी झाली की रोपं उपटून लावायची. लावणीला उशीर झाला की रोप वाढतं, फुटवे कमी धरतं. म्हणून ती दोन-तीन आठवडे गावातलं एकही माणूस घरी बसत नाही. इर्जिकीनं आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. नांगर पुरुषाचा आणि लावणी बाईची. डोक्यावर इरलं, कमरेत वाकलेली, पाय घोट्यापर्यंत चिखलात, आणि दिवस उजाडल्यापासून कलेपर्यंत हेच. भाद्रपद ते फाल्गुन या काळात जन्मलेलं मूल या आषाढात चार ते दहा महिन्यांचं असतं. त्याला घरी म्हातारीपाशी ठेवायचं, की बांधावरच्या झाडाला झोळी बांधून थोरल्या बहिणीच्या हवाली करायचं? काहीही केलं तरी दिवसभरातली अंगावरची निम्मी पाजणी हुकतेच. मग पेज येते. या मुलखात बाळाला अन्न लावण्याचं सगळ्यात ठोस कारण हे आहे, आणि ते ना धर्माचं आहे ना वैद्यकाचं. सातव्या महिन्यातलं मूल असेल तर आवणी त्याच्या कामाची ठरते, कारण त्याला खरंच अन्नाची गरज असते. चौथ्या महिन्यातलं असेल तर तीच आवणी त्याला लवकर पातळ, कमी पोषणाच्या पेजेवर आणि न उकळलेल्या पावसाळी पाण्यावर टाकते. आषाढ-श्रावणातल्या हगवणीचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यात बाळाला लवकर लागलेल्या पेजेला जागा द्यावी लागेल.

मग शरीराचा भाग कुठे येतो? तो येतो थोरल्या बायकांच्या नजरेत. मान धरली का, कुशीवर वळतंय का, पालथं पडलं का, टेकून बसतं का, बिनआधार बसतं का, रांगतं का, ओठंगून उभं राहतं का: मराठी घरात हे सगळे टप्पे दर आठवड्याला चर्चेत असतात आणि प्रत्येकाला बाळाच्या खाण्या-झोपण्यातला एखादा बदल जोडलेला असतो. मान धरल्याशिवाय मांडीवर बसवून काही भरवायचं नाही, बसतं झाल्याशिवाय गुरगुट्या भात द्यायचा नाही, दात आल्याशिवाय भाकरीचा पापुद्रा हातात द्यायचा नाही. पाऊल टाकायला लागलं की सुतार पांगुळगाडा करून देई. तीन लाकडी चाकं, समोर आडवी दांडी, आणि ती धरून मूल अंगणभर खडखडत फिरे. शास्त्रग्रंथही याच वाटेनं जाताना दिसतात. काश्यपसंहितेत आधी फळं आणि मग अन्न असा क्रम आहे. फळं सहाव्या महिन्याच्या आसपास, आणि अन्न दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्याकडे. म्हणजे महिना सांगणारे ग्रंथही दात बघायला विसरले नाहीत.

या नजरेला आज आकडे मिळाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये हालचालींच्या सहा टप्प्यांची कालमर्यादा प्रसिद्ध केली. बिनआधार बसणं ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, एकटं चालणं ८.२ ते १७.६. आकड्यांपेक्षा त्यांच्यातल्या अंतराकडे बघावं. दोन पूर्ण निरोगी मुलांमध्ये बसण्याच्या वयात पाच महिन्यांचा फरक असू शकतो, आणि शंभरातली चार-पाच मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. भारतीय मुलांसाठीची मोजपट्टी तर मराठी माणसाच्या हातची आहे. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात बालविकासाचे निकष बसवले, आणि त्यांची सुधारलेली आवृत्ती १९९७ मध्ये पुण्यातून निघाली. आज देशभरातल्या तपासणी केंद्रांत ती वापरतात. मान ताठ राहणं, आधारानं बसता येणं आणि जिभेनं घास बाहेर ढकलायची सवय जाणं या तीन गोष्टी साधारण सहा महिन्यांच्या आसपास एकत्र जुळतात. म्हणून वरचं अन्न सहा महिन्यांनी, असं २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हातारी जे बोटानं चाचपून ठरवत होती ते हेच. फरक एवढाच की तिचा निवाडा आवणीच्या दबावाखाली होई आणि बहुतेक वेळा आवणी जिंकत असे.

अन्नाच्या आधी दूध येतं, आणि दुधाच्या बाबतीत भोर तालुक्याला इतिहासात एक मानाचं पान आहे. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाई आजारी होत्या, त्यांना दूध पुरत नव्हतं. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ दूधआई म्हणून आली. सईबाईंचं निधन १६५९ मध्ये राजगडावर झालं, म्हणजे आजच्या वेल्ह्यात. ही गोष्ट शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असते, पण ती सांगताना धाराऊच्या त्यागावर थांबतात. बाळाच्या पोटाच्या अंगानं पाहिलं तर तिचा अर्थ असा, की स्वराज्याच्या राजपुत्रासाठीसुद्धा आईच्या दुधाला पहिला पर्याय दुसऱ्या आईचं दूध हाच होता. गोठ्यात गाई-म्हशी असतानाही. गरिबाघरी हेच काम नुकती बाळंतीण झालेली चुलती किंवा शेजारीण करी. ती नसेल तर मग गाय, म्हैस, शेळी. तान्ह्या मुलांतल्या अन्नाच्या ॲलर्जीत गाईच्या दुधाची ॲलर्जी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त दिसणाऱ्यांपैकी आहे. आणि ‘गाईचं बाधतं, शेळीचं चालतं’ हा गावोगावचा समज बहुतेक वेळा खोटा ठरतो, कारण तिन्ही प्राण्यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाला शरीर उलटत असेल तर शेळीच्या आणि म्हशीच्या दुधालाही बहुधा उलटतं. दूधआईची रीत मागे पडली आणि तिच्या जागी बाटली आली. ती आधी म्हशीच्या दुधाची होती, मग डब्यातल्या भुकटीची. डब्याच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा व्हायला १९९२ साल उजाडावं लागलं.

आता बाळगुटी. बाळंतघरातली सगळ्यात नेमकी, सगळ्यात जिव्हाळ्याची आणि सगळ्यात वादग्रस्त वस्तू हीच. सहाण धुऊन घ्यायची, तिच्यावर आईच्या दुधाचे चार थेंब टाकायचे आणि एकेक काष्ठ उगाळायचं: वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, जायफळ, ज्येष्ठमध, सागरगोटा, खारीक, बदाम. हिरडा तर या डोंगरातलाच. प्रत्येकाचे वेढे मोजलेले. पहिल्या महिन्यात बदामाचा एखादा वेढा, पुढे बाळाच्या वयाबरोबर एकेक वाढत जाणारा. पोट गच्च असेल तर हिरडा जरा जास्त, झोप नसेल तर जायफळ. ही मोजणी वाचताना ॲलर्जीच्या अभ्यासकाच्या भुवया नक्की उंचावतील, कारण बदामासारखा ॲलर्जी करू शकणारा पदार्थ तान्ह्या वयात, तोंडावाटे, अगदी थोड्या आणि वाढत्या प्रमाणात देणं म्हणजे आज ज्याला सहनशीलता निर्माण करणं म्हणतात त्याची रूपरेखाच दिसते. पण इथं थांबावं. साम्य दिसलं म्हणून पुरावा होत नाही. गुटी देणाऱ्या बाईचा हेतू पचनाचा होता, ॲलर्जीचा विचार तिच्या स्वप्नातही नव्हता. उगाळलेल्या एका वेढ्यातलं बदामाचं प्रथिन किती आणि ते पुरेसं होतं का, हे मोजल्याशिवाय गुटीच्या अंगावर असं श्रेय चढवणं म्हणजे परंपरेची खुशामत झाली. शिवाय गुटीचं दुसरं अंगही आहे. ती न उकळलेल्या सहाणेवर उगाळतात. जायफळ जास्त झालं तर विषासारखं चढतं. तिच्यात मध घालण्याची आणि जन्मतःच मध-तूप चाटवण्याची रीत तर सरळ धोक्याची, कारण मधातल्या जिवाणूंमुळे वर्षाच्या आतल्या मुलाला लुळं पाडणारा बोट्युलिझम होऊ शकतो, हे १९७६ पासून माहीत आहे. आणि मूल झोपवायच्या गरजेनं जायफळापुढे मजल मारली तेव्हा काय झालं, तेही लक्षात ठेवावं. घाटावरची कुटुंबं मुंबईच्या गिरण्यांत पोटासाठी गेली, आणि १९२०च्या दशकात तिथल्या कामकरी बायकांच्या पाहणीत तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी सर्रास दिली जात असल्याचं आढळलं. आवणी असो की गिरणीचा भोंगा, आईचा वेळ विकला गेला की बाळाच्या तोंडात काहीतरी जातं.

ॲलर्जीच्या शास्त्रानं गेल्या पंचवीस वर्षांत जी कोलांटी घेतली ती समजल्याशिवाय या जुन्या रीतींचा निवाडा करता येत नाही. २००० साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं सल्ला दिला, की ज्या घरात ॲलर्जीचा वारसा आहे तिथं मुलाला पहिल्या वर्षी गाईचं दूध नको, दोन वर्षांपर्यंत अंडं नको, तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको. तर्क सरळ होता: कच्च्या पोटात जाऊ नये ते उशिरा जावं. पण ॲलर्जी वाढतच गेली. मग २००८ मध्ये एक तुलना पुढे आली. ब्रिटनमधल्या ज्यू शाळकरी मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के, आणि इस्रायलमधल्या त्याच वंशाच्या मुलांत ०.१७ टक्के. इस्रायलमध्ये बाळं बसती झाली की शेंगदाण्याचा खुसखुशीत खाऊ चोखत वाढतात. ब्रिटनमध्ये बाळांना शेंगदाणा सहसा दिला जात नसे. त्याच वर्षी अमेरिकन अकादमीनं आपला जुना सल्ला मागे घेतला. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ६४० बाळांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल आला. चार ते अकरा महिन्यांच्या, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी निम्म्यांना नियमित शेंगदाणा दिला, निम्म्यांना दिला नाही. पाचव्या वर्षी न दिलेल्यांत सुमारे १७ टक्क्यांना ॲलर्जी, दिलेल्यांत ३ टक्क्यांना. उशीर करण्याचा सल्लाच नुकसान करत होता.

या निकालाच्या उजेडात भोर-वेल्ह्याच्या या मावळातलं ताट पाहिलं तर त्याची एक ताकद दिसते. इथं बाळासाठी वेगळा स्वयंपाक नव्हता. घरच्या भातातलाच मऊ भात, घरच्याच वरणाची निवळ, नाचणीची खीर, ओढ्याच्या खेकड्याचं कालवण ज्या घरी होई तिथं त्यातलं चमचाभर पाणी. नाचणीचं सत्त्व करणं हे कष्टाचं काम. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटून कापडातून गाळायची, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवून वस्त्रगाळ करायचा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. मोड आणल्यानं खीर पातळ राहून दाट पोषण देते. गृह्यसूत्रांनीही पहिल्या घासात दही, मध, तूप, भात यांच्या जोडीनं बोकडाचं आणि तित्तिराचं मांस सांगितलं आहे. उष्टावण म्हणजे तांदळाची गोड खीर हा आकुंचित समज नंतरचा. घरात जे शिजतं ते बाळाला थोडं थोडं, बसतं झाल्यापासून, ही दिशा आजच्या ॲलर्जीशास्त्राच्या दिशेशी जुळते.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जुन्या काळी ॲलर्जी नव्हती असं वाटतं, कारण ॲलर्जी झालेलं मूल ओळखायला कोणी उरतच नव्हतं. मुंबई शहरात १९२१ मध्ये हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा थोडा फुगलेला आहे, कारण बाळंतपणाला गावी गेलेल्या बायकांच्या मुलांचे जन्म मुंबईत नोंदले जात नसत आणि मृत्यू मात्र नोंदले जात. तरी त्यातून फुगवटा काढला तरी चित्र भयंकरच राहतं. अशा काळात दूध प्यायल्यावर उलट्या-हगवण होऊन गेलेलं मूल ‘दृष्ट लागली’ किंवा ‘सटवाईनं नेलं’ या खात्यात जमा झालं असणार. म्हणून मृत्यूच्या नोंदी नव्हे, आजच्या जिवंत मुलांची मोजणी हाच विश्वासाचा पुरावा. बंगळूर आणि म्हैसूरमधल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत अन्नाची संभाव्य ॲलर्जी ०.१४ टक्के निघाली; त्याच पद्धतीनं मोजलेल्या हाँगकाँगमध्ये १.५ टक्के. पण बंगळूर-म्हैसूरच्याच प्रौढांच्या रक्तात चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांत कुठल्यातरी अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली आणि प्रत्यक्ष त्रास मात्र १.२ टक्क्यांनाच. कर्नाटकातल्या शहरांचे आकडे उचलून गुंजवणीच्या खोऱ्यावर चिकटवता येणार नाहीत. तरी एवढं म्हणता येतं, की शरीर ओळख ठेवतं आणि तरीही भांडत नाही, अशी काहीतरी सवय इथल्या मुलांना लहानपणीच लागते. ती कशानं लागते, अन्नानं की मातीनं, गुरांनी की जंतांनी, याचं एकमेव उत्तर नाही.

दुसरा आक्षेप परंपरेच्या आतूनच निघतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या त्याच संशोधकांचं म्हणणं आहे, की अन्न आधी तोंडावाटे गेलं तर शरीर त्याला आपलं मानतं आणि फाटक्या, सुजलेल्या कातडीतून आधी शिरलं तर परकं मानतं. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या मुलांच्या अभ्यासात शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं इसबावर लावलेल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त दिसली. आता आपलं न्हाऊमाखू आठवा. खुरासणीचं किंवा तिळाचं तेल चोळून झालं की डाळीचं पीठ, दूध, साय आणि हळद यांनी बाळाचं अंग लव जाईपर्यंत घासायचं. हरभऱ्याच्या पिठानं रोज खरवडलेली नाजूक कातडी, आणि पोटात हरभरा जायला अजून सहा महिने अवकाश! मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं, की भारतीयांत हरभरा हा ॲलर्जीचा एक मोठा कारक आहे. न्हाऊमाखू आणि हरभऱ्याची ॲलर्जी यांचा थेट संबंध अजून कोणी सिद्ध केलेला नाही, पण शंकेला पुरेशी जागा आहे. ज्या बाळाच्या गालावर, कोपराच्या खाचेत इसबाचे लाल चट्टे आहेत त्याच्या अंगाला पीठ घासू नये, एवढा सावधपणा आजच घ्यायला हरकत नाही. मावळातल्या रीतीचं जे कौतुक वर केलं, त्यातली आंघोळ वजा करावी लागते.

तिसरं, ताट सगळ्यांचं असलं तरी त्यात बाळापर्यंत काय पोचायचं हे सोवळं आणि बाजार ठरवत होते. केळं थंड, वाल बादी, अंडं उष्ण, मासा नको म्हणून नको. कोंबडी अंडं घाले, ते अंडं आठवड्याच्या बाजारात जाई. म्हशीचं दूध डेअरीच्या कॅनमधून पुण्याला जाई. उष्टावणाचा समारंभ जत्रा आणि मामाची सवड बघून लांबे, आणि समारंभ होईपर्यंत अन्न लावायचं नाही असा हट्ट धरणारी घरं होती, आजही आहेत. सहा महिन्यांनंतर बाळाच्या शरीरातला जन्मतः आणलेला लोहाचा साठा संपत येतो. या उशिराची किंमत रक्तक्षयानं मोजावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी अंगावरच्या दुधासोबत घन वा मऊ अन्न मिळणारी देशभरात ४५.९ टक्केच निघाली. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार ११.३ टक्क्यांना. म्हणजे आपल्यापुढचा मोठा प्रश्न ॲलर्जीचा नाहीच. अन्न उशिरा आणि एकसुरी मिळण्याचा आहे. गंमत अशी की दोन्ही प्रश्नांचा उपाय एकच निघतो.

आणि ज्याला आपण परंपरा म्हणतो तिच्यातलं किती जुनं आहे, हेही बघावं. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून ओतायच्या शेंगा अमेरिका खंडातून आलेल्या पिकाच्या. दख्खनच्या शेतांत भुईमूग मोठ्या प्रमाणावर पसरला तो एकोणिसाव्या शतकात. पुणे-सातारा रस्त्यालगतच्या खेड शिवापूरपासून भोर शहरापर्यंत कारखाने आणि पगार आले, तशी नाचणीची वरकसं पडीक पडली, आणि बाळाच्या वाटीत चहात बुडवलेलं बिस्कीट आलं. इथं गव्हाची खरी ओळख बाळांना अशी होते: मैदा, साखर आणि कोऱ्या चहाचं लोहशोषण रोखणारं पाणी. बिस्कीट हे आजच्या आवणीचं अन्न आहे. आई कंपनीच्या पाळीवर, आजी एकटी, मूल रडतंय, पुडा हाताशी. आजी वाईट नाही, तिच्यापाशी वेळ आणि पर्याय नाही, जसा आषाढात तिच्या सासूपाशी नव्हता.

आता अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर मान धरण्यापासून चालण्यापर्यंतचे टप्पे चित्रांत छापलेले असतात, आणि आशाताई तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना घरी येऊन त्यांची विचारपूस करतात. त्या विचारपुशीत अन्नाचा प्रश्न नेमका जोडला जावा, एवढी अपेक्षा फार नाही. बाळ आधारानं बसतंय, मान स्थिर आहे, सहा महिने पूर्ण झाले: मग नाचणीच्या खिरीबरोबर पूर्ण उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक, शेंगदाण्याची पातळ केलेली चटणीसारखी पेस्ट (आख्खा दाणा चुकूनही नाही, तो श्वासनलिकेत अडकतो), डाळ, घरात खात असतील तर मासा. एका वेळी एक नवा पदार्थ, सकाळच्या वेळी, आणि एकदा सोसला की आठवड्यातून दोन-तीनदा पुन्हा, सोडून द्यायचा नाही. ज्याला तीव्र इसब आहे त्याच्या बाबतीत मात्र अंडं-शेंगदाण्याआधी बालरोगतज्ज्ञाला दाखवावं. ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा श्वास घरघरला, तर लिंबू-मिरची उतरवत बसू नये. १०८ ला फोन करावा, आणि वेल्ह्याच्या आतल्या वाड्यांतून निघायला वेळ लागतो हे धरून तो लगेच करावा.